अंगणातल्या आगगाडीचा करंट कुठे तोडायचा?

कोल्हापूर स्टेशनात रूळ संपतात. मिरजेहून १८९१ साली आलेली लाइन इथवरच, पुढे गाडी अडवणारा बफर. अंगणात खेळण्यातली आगगाडी मांडणारा कोल्हापूरकर साहजिकच असंच शेवटचं स्टेशन करतो, आणि पहिली अडचण तिथेच येते. ४५ मिलिमीटर गेजच्या, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेल्या, या गाड्यांना करंट सहसा रुळांतूनच मिळतो, एक रूळ धन आणि दुसरा ऋण. कंट्रोलर फिरवला की रुळांवरची सगळी इंजिनं एकदम, एकाच दिशेला सुटतात. गाडी घेऊन आलेलं इंजिन बफरपाशी ठेवून दुसऱ्या इंजिनाने डबे परत न्यायचे, तर पहिल्याचा करंट तोडावाच लागतो.

त्यासाठी दोन्ही रूळ कापायची गरज नाही. करंटला जायची आणि यायची अशा दोन्ही वाटा लागतात. एक तुटली की मोटार बंद. म्हणून एकाच रुळात दोन तुकडे जोडणाऱ्या पितळी जॉइनरऐवजी प्लॅस्टिकचा जॉइनर घालायचा आणि पलीकडच्या तुकड्याला स्विचमधून वायर द्यायची. सगळ्या अंगणात तोडायचा रूळ मात्र एकाच बाजूचा ठेवा, नाहीतर पुढे फॉल्ट शोधताना डोकं फिरतं.

बफरपाशी या स्विचच्या जोडीला, त्याच वायरीत, एक डायोड घाला. मला हा सगळ्या वायरिंगमधला सर्वांत सुंदर भाग वाटतो. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो. गाडी बफरकडे येत असताना तो आडवा येतो आणि इंजिन आपोआप थांबतं, मग कंट्रोलर लहान मुलाच्या हातात असला तरी चालेल. धन-ऋण उलटं केलं की तोच डायोड वाट देतो आणि इंजिन बाहेर येतं. ते आतच ठेवायचं असेल तर स्विच बंद. १एन५४०१ हा ३ अँपिअरचा डायोड बहुतेक इंजिनांना पुरतो. इंजिन न थांबता थेट बफरवर गेलं, तर डायोड उलटा लागलाय, पाय बदला.

हा तुकडा इंजिनाएवढाच ठेवून भागत नाही. मोठी इंजिनं अनेक चाकांतून करंट उचलतात. मागचं शेवटचं चाक सांधा ओलांडेपर्यंत मोटार चालूच राहते, वर वेगामुळे इंजिन थोडं घरंगळतं. दिव्यांचे डबे तर आणखी फसवतात. पुढच्या-मागच्या दोन्ही बोग्यांतून (डब्याखालच्या चाकांच्या संचांतून) करंट घेणारा डबा सांध्यावर आला, की तोच पूल होऊन पलीकडे करंट पोचवतो. अशा डब्यात दिव्यांसाठी एकाच बोगीचा करंट घ्यावा.

घरातल्या टेबलावर इथे काम संपलं असतं. अंगणात ऊन आहे. पितळ दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढतं. जानेवारीच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत रुळाचं तापमान ४० अंशांनी चढलं, तर १० मीटर रूळ साडेसात मिलिमीटरने लांबतो. जॉइनर न घालता हॅकसॉने नुसती पाडलेली फट जेमतेम एक मिलिमीटरची. बाकीच्या सांध्यांत सैलपणा नसेल तर ती मिटते, आणि हिवाळ्यात गुमान उभं राहणारं इंजिन उन्हाळ्यात स्विच बंद असतानाही पळतं. त्यामुळे नुसती फट कामाची नाही. दोन टोकांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असलेला जॉइनरच हवा. मिळाला नाही तर उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून नायलॉनचा करून घ्यावा.

वायर जाड घ्या. स्टेशन कंट्रोलरपासून १५ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर तांबं होतं. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत २ अँपिअरला सुमारे १ व्होल्ट वाटेतच जातो, अडीचच्या वायरीत ०.४.

आणि पाऊस. ओल्या चिखलातून सांध्यापलीकडे झिरपणारा करंट इंजिन हलवण्याइतका नसतो, पण डीसी असल्यामुळे धन बाजूचं पितळ हळूहळू खातो. वायर रुळाला जिथे जोडली आहे तिथे पेट्रोलियम जेली लावा, सांध्याखाली खडी उंच ठेवा आणि खेळ संपला की सप्लाय बंद करा. ट्रान्सफॉर्मर घरातच राहू दे. २३० व्होल्टची वायर अंगणात न्यायची नाही.