मॉडेल कारचा एक्झॉस्ट लोक हाताने का बनवतात, त्यामागची गोष्ट

प्लास्टिक मॉडेल कारवाल्यांमध्ये एक सवय हमखास दिसते. बॉडी किटमधली घेतील, टायर किटमधलेच लावतील, पण एक्झॉस्टपाशी, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांपाशी आले की डब्यातला पार्ट बाजूला ठेवून तार, नळी, सोल्डर (डाग द्यायची मऊ धातूची तार) घेऊन बसतील. ही सवय कुठून आली ते बघायचं तर अमेरिकेतल्या कार डीलरांच्या शोरूमपर्यंत मागे जावं लागतं.

एएमटी ही कंपनी १९४८ मध्ये मिशिगनमध्ये सुरू झाली. नव्या गाड्यांची छोटी मॉडेलं करून डीलरांना द्यायची, हे त्यांचं मूळ काम. या प्रोमो गाड्यांचा तळ म्हणजे एक सपाट प्लेट आणि सायलेन्सर, पाइप वगैरे सगळं त्या प्लेटवरच उठावात आलेलं, वेगळं असं काहीच नाही. १९५८ मध्ये १/२५ स्केलची थ्री-इन-वन किटं आली, एकाच डब्यातून स्टॉक, कस्टम नाहीतर रेसिंग अशी हवी ती गाडी करा. मुलांच्या त्यावर उड्या पडल्या, पण बऱ्याच किटांचा तळ तसाच प्रोमोसारखा राहिला. मग ज्यांना खरी गाडी खालून कशी दिसते ते माहीत होतं त्यांनी तो उठाव ब्लेडने तासून काढायचा आणि तिथे तारेचा पाइप चिकटवायचा असं सुरू केलं.

दुसरा धागा हॉट रॉडचा, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाड्यांचा. दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली तळी आहेत, तिथे १९३० च्या दशकात पोरं जुन्या फोर्ड घेऊन वेगाच्या शर्यती लावायची, त्यांची एससीटीए ही संघटना १९३७ ची. रस्त्यावर सायलेन्सर लागायचाच, पण तळ्यावर पोचलं की बाजूच्या पाइपचं झाकण काढायचं म्हणजे धूर सायलेन्सरला वळसा घालून सरळ बाहेर. पुढे दाराखालून जाणारे हे क्रोमचे लेक्स पाइप कस्टम गाड्यांची शान झाले आणि किटमध्येही आले. ६० च्या दशकात ड्रॅगस्टरवर, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांवर झूमीज आले, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पाइप, वर आणि मागे वळवलेला, त्यातून निघणारा झोत मागच्या टायरचा धूर उडवून लावायचा. आता मॉडेलवर अशी आठ तोंडं उघडी दिसतात आणि किटमध्ये ती आठही भरीव! ते डोळ्याला खुपतंच, म्हणून तोंडाला बारीक ड्रिल मारणं ही या कामातली पहिली पायरी ठरली.

तोंडं भरीव का? तर साच्यामुळे. स्टीलच्या साच्याचे दोन भाग समोरासमोर मिटतात, आत प्लास्टिक जातं, मग साचा उघडतो. वळणं घेत जाणारा पोकळ पाइप असा एका दमात निघूच शकत नाही, एकतर तो भरीव करा नाहीतर दोन अर्ध्या भागांत करा, आणि मग मधोमध जोडाची रेघ येते जी आतल्या वळणात घासून काढणं महाकठीण. वर जाडीचा प्रश्न. खऱ्या हेडरच्या, म्हणजे सिलिंडरमधून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपांच्या पत्र्याची जाडी साधारण १.६ मिलिमीटर धरली तर १/२४ मध्ये ती ०.०७ च्याही आत येते. माझ्या मते बाकीच्या पार्टमध्ये किटवाले कमी-जास्त बरोबर असतात, एक्झॉस्टमध्ये मात्र साचाच हात टेकतो.

म्हणून सोल्डरची तार. लोकांनी ती का धरली हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. १.६ मिलिमीटरची तार १/२५ मध्ये ४० मिलिमीटरच्या पाइपइतकी होते आणि अमेरिकन व्ही-८ च्या (आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या) हेडरचा पाइप असतो सव्वाएक्केचाळीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास फुकटात बरोबर माप. शिवाय ती हाताने वळते, वळणावर चपटी होत नाही. आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात ही तार मिळते. फक्त जुन्या पद्धतीच्या तारेत शिसं असतं, तेव्हा काम झालं की हात स्वच्छ धुवा, हे मनापासून सांगतो. बिनशिशाची तार जरा ताठ असते, लहान वळणाला त्रास देते.

या कलेची खरी परीक्षा म्हणजे फोर्ड जीटी४०. १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत फोर्डने मारली, त्या गाड्यांच्या इंजिनवर पाइपांचा जो गुंता दिसतो त्याला सापांचं भेंडोळं म्हणतात. तो दिखाव्यासाठी नव्हता. त्या व्ही-८ ची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-४-२-६-३-७-८, उजवीकडे १ ते ४ आणि डावीकडे ५ ते ८, त्यामुळे एकाच बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात आणि धुराचे झोत एकमेकांच्या वाटेत येतात. म्हणून एकाआड एक पेटणारे सिलिंडर एकत्र केले, १, ४, ६, ७ एका तोंडाला आणि ५, २, ३, ८ दुसऱ्या. नीट बघा, दोन्ही बाजूंचे टोकाचे पाइप आपल्या बाजूलाच राहतात, मधले दोन-दोन पलीकडे जातात. हे कळलं की मॉडेल करताना अर्धा गोंधळ संपतो. आधी मधले चार वळवून बसवायचे, मग त्यांच्या अंगावरून टोकाचे. उलट्या क्रमाने केलं तर आत बोट जात नाही की चिमटा.

युद्धाआधीच्या गाड्यांचं तंत्र वेगळं. मर्सिडीज ५४०के च्या बॉनेटच्या बाजूतून लवचिक जाळीदार पाइप बाहेर येतात. इटलीच्या पोचरने १/८ मध्ये मोठमोठी मॉडेलं काढली, त्यात असे पाइप दाखवायला जागा तरी होती. १/२४ मध्ये लोक गिटारची जाड तार वापरतात, कारण तिच्यावर आधीच बारीक तार गुंडाळलेली असते.

सरळ पाइपसाठी के अँड एस या कंपनीच्या पितळी नळ्या. भिंत ०.०१४ इंच, प्रत्येक माप पुढच्यापेक्षा १/३२ इंच लहान, त्यामुळे एक नळी दुसरीत सरकते, सायलेन्सरचे टप्पे असेच बनतात. नंतर जपानी कंपन्यांनी व्हाइट मेटलचे (मऊ मिश्रधातूचे ओतीव) पार्ट आणले, आणि रंगकामातही फरक पडला. तापलेल्या धातूवर येणारी पिवळट, मग जांभळी, मग निळी झाक टामिया कंपनीच्या क्लिअर ऑरेंज आणि क्लिअर ब्लू या पारदर्शक रंगांनी पातळ थरांत देतात.

आता घरोघरी रेझिनचे थ्री-डी प्रिंटर आलेत. भेंडोळं प्रिंट करून मिळतं, आणि छान मिळतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण तोंडाची कड प्रिंटरलाही तेवढी पातळ जमत नाही. त्यामुळे शेवटचे चार-पाच मिलिमीटर अजून कापून टाकतात आणि तिथे इंजेक्शनची १६ गेजची सुई बसवतात, बाहेरून १.६५ मिलिमीटर. सुई कटिंग डिस्कने कापायची, पकडीने कापलीत तर तोंड चेपतं. मग ब्लेडचं टोक तोंडात धरून हलक्या हाताने गोल फिरवत राहायचं, आतून कड झिजते आणि समोरून बघितलं तर पत्र्याइतकी पातळ दिसते.