करडा हलला की लाल?

व्हिडिओ एडिट करताना टाइमलाइनवर नवरीचा शालू डाळिंबी दिसतो आणि एक्स्पोर्ट केल्यावर तो केशरीकडे झुकतो. किंवा काळी शेरवानी राखाडी पडते. मग सॅच्युरेशन थोडं वाढवायचं, सावल्या खाली ओढायच्या आणि पुन्हा रेंडर लावायचा, हा सर्रास चालणारा उपाय. नेमका हाच सगळ्यात वाईट. बिघाड बहुतेक वेळा चित्रात नसतो, चित्राचे आकडे वाचण्यात असतो. ग्रेड, म्हणजे रंगांची जुळवणी, हलवलीत की एका प्लेअरवर बरं दिसेल आणि बाकी सगळीकडे बिघडेल.

म्हणून आधी फाइल दोषी आहे की प्लेअर, ते ठरवा. एक्स्पोर्ट झालेली फाइल त्याच टाइमलाइनवर मूळ कटच्या वरच्या ट्रॅकवर ठेवा आणि ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करा, म्हणजे दोन्हींतला फरक तेवढाच दिसेल. पडदा जवळजवळ काळा राहिला, फक्त कडांवर हलकी कुजबुज दिसली, तर आकडे शाबूत आहेत. ती कुजबुज कॉम्प्रेशनची असते.

यापुढचं निदान चार चौकोनांवर होतं. टाइमलाइनच्या सुरुवातीला पाच सेकंद काळा (०), करडा (१२८), पांढरा (२५५) आणि एक लाल (२००, ०, ०) असे सपाट चौकोन ठेवा. एक्स्पोर्ट प्लेअरमध्ये उघडून कलर पिकरने आकडे वाचा. मॅकवर डिजिटल कलर मीटर हा पिकर ‘एसआरजीबी’ या प्रमाणित रंगपद्धतीवर असू द्या, नाहीतर मॉनिटरची प्रोफाइल मध्ये लुडबुड करते. गिऱ्हाइकाला फाइल देण्याआधी हे पाच सेकंद कापायला विसरू नका.

काळा १६ झाला, पांढरा २३५वर आला आणि मधला करडा जवळपास जागेवरच, १२६ आहे? हा रेंजचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांच्या पट्ट्याचा घोळ. आठ बिटांच्या व्हिडिओत काळा १६ला आणि पांढरा २३५ला ठेवण्याची रीत आहे. संगणकाच्या चित्रांत तेच ० आणि २५५. मर्यादित रेंजची फाइल पूर्ण समजून वाचली की सगळं धुकट होतं. उलट झालं तर १६च्या खालचं सगळं काळ्यात बुडतं, २३५च्या वरचं पांढऱ्यात. केसांतला तपशील जातो, पण करडा तेव्हाही १३०च्या पलीकडे सरकत नाही. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये डिलिव्हर पानावरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमधलं ‘डेटा लेव्हल्स’ तपासा. वेब आणि टीव्हीसाठी तिथे ‘व्हिडिओ’ हवं.

काळा-पांढरा ठाम, फक्त करडा वर चढून १४०च्या आसपास? हा गॅमाचा, म्हणजे आकड्यांचा प्रकाश करणाऱ्या वक्राचा प्रश्न, आणि मॅकवरच्या भांडणांपैकी निम्मी भांडणं याचीच. टीव्हीसाठीचा ग्रेडिंग मॉनिटर २.४ गॅमावर लावलेला असतो. मॅकचा क्विकटाइम प्लेअर मात्र १-१-१ टॅगची फाइल (टॅग म्हणजे रंग कसे वाचायचे हे सांगणारी फाइलवरची खूण; १-१-१ म्हणजे तिन्ही खुणा एचडीच्या ७०९ मानकाच्या) साधारण १.९६ धरून दाखवतो. त्यामुळे मधला करडा २.४वर कमाल प्रकाशाच्या १९ टक्के असायला हवा, तो २६ टक्क्यांवर जातो आणि चेहरे फिके पडतात. व्हीएलसी प्लेअर मॅकची कलरसिंक ही रंगव्यवस्था वापरत नाही, म्हणून एकाच स्क्रीनवर दोन प्लेअर दोन चित्रं दाखवतात. रिझॉल्व्हमध्ये ‘रेक ७०९-ए’ हा गॅमा टॅग यावर तोड म्हणून आहे. पण तो मॅकपुरताच. टीव्ही चॅनेलला जाणाऱ्या फाइलवर तो लावू नये.

आता शालू. काळा, करडा, पांढरा तिन्ही जागेवर आणि लाल तेवढा २००, ०, ० ऐवजी २१७, १९, ० झाला, तर मॅट्रिक्स, म्हणजे रंग आकड्यांत बांधण्याचं सूत्र, चुकली. व्हिडिओत आरजीबी थेट साठवत नाहीत. एक प्रकाशाचा आकडा आणि दोन रंगफरकांचे आकडे साठवतात. त्या हिशेबात लालचा वाटा जुन्या ६०१ मानकात ०.२९९ आहे, एचडीच्या ७०९मध्ये ०.२१२६. एका सूत्राने बांधलं आणि दुसऱ्याने सोडलं की लाल केशरी होतो, गर्द हिरवा काळवंडतो. करड्यात रंगफरक शून्यच असतो, म्हणून त्याला काही होत नाही. एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या रूपांतराच्या साधनाला पीएनजी फ्रेम्सची मालिका दिली आणि मॅट्रिक्स सांगितली नाही, तर तो बरेचदा ६०१ वापरतो आणि फाइलवर टॅगही लावत नाही. प्लेअर १०८० ओळी पाहून ७०९ गृहीत धरतो. इथे दोन्ही कामं करावी लागतात: स्केल फिल्टरमध्ये आउटपुट मॅट्रिक्स ७०९ द्यायची, आणि प्रायमरीज (मूळ रंग), ट्रान्सफर (गॅमाचा वक्र), मॅट्रिक्स हे तिन्ही टॅगही ७०९चे लावायचे. नुसता टॅग लावल्याने आकडे बदलत नाहीत, फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते.

आकडे बरोबर आणि चिठ्ठीच चुकीची असेल, तर पुन्हा एन्कोड करायची गरज नाही. एफएफएमपेगमधल्या एच.२६४च्या मेटाडेटा फिल्टरने स्ट्रीम (आतला व्हिडिओ) जशीच्या तशी कॉपी करताना टॅग दुरुस्त होतात, दर्जा तसूभरही घटत नाही. एमओव्ही आणि एमपी४मध्ये डब्याचे (कंटेनरचे) टॅग वेगळे आणि आतल्या स्ट्रीमचे वेगळे असू शकतात. एफएफप्रोब या फाइलची माहिती दाखवणाऱ्या साधनाने तपासताना हे लक्षात ठेवा.

आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनांवरच्या क्लिप आल्या तर मामला निराळा. त्या बहुधा एचडीआरमध्ये (नेहमीपेक्षा जास्त उजेडाच्या पल्ल्यात), एचएलजी नावाच्या वक्राने चित्रित झालेल्या असतात. साध्या ७०९ टाइमलाइनवर टाकण्याआधी त्यांचं रूपांतर करा.

आकाशातले पट्टे हा रेंज, गॅमा आणि मॅट्रिक्स या तिन्हींपेक्षा वेगळा आजार. १६ ते २३५ म्हणजे जेमतेम २२० पायऱ्या. संध्याकाळचं आकाश त्यातल्या ४० पायऱ्यांत १९२० पिक्सेल रुंदीवर पसरलं, तर प्रत्येक पट्टा ४८ पिक्सेलांचा, डोळ्याला सहज दिसणारा. दहा बिटांत ६४ ते ९४० अशा ८७७ पायऱ्या मिळतात. म्हणून मास्टर, म्हणजे मूळ जपून ठेवायची प्रत, दहा बिटांची, प्रोरेस ४२२ एचक्यू या फॉरमॅटमध्ये ठेवा. १०८० ओळी आणि २५ फ्रेम्सना ती सेकंदाला सुमारे १८४ मेगाबिट घेते. शेवटची फाइल आठ बिटांचीच हवी असेल तर आकाशावर बारीकसा ग्रेन टाका आणि एक्स२६४ या एन्कोडरला ‘ट्यून ग्रेन’ सांगा, नाहीतर एन्कोडर तो ग्रेन गोंगाट समजून पुसतो आणि पट्टे परत येतात. सीआरएफ हा दर्जाचा आकडा, कमी तितका दर्जा चांगला; २३ हा एक्स२६४चा ठरलेला; अशा दृश्यांना १८ लावून पाहा. सीआरएफ ६ने खाली आणला की फाइल ढोबळमानाने दुप्पट होते, तेवढी जागा धरून ठेवा.

लाल पाटीवरच्या निळ्या अक्षरांच्या कडा फुटत असतील तर बिटरेट वाढवून फायदा नाही. ४:२:० या रंग कमी साठवण्याच्या रीतीत १९२० बाय १०८०च्या चित्राचा रंग ९६० बाय ५४०वरच साठतो. अक्षरं पांढरी करा.