माठातलं पाणी आणि ब्लूमचे रकाने

सोलापुरात मार्च सरता सरता घरोघरी माठ निघतो, आणि विज्ञानाच्या पेपरातही तो हमखास येतो: ‘शास्त्रीय कारण द्या – माठातील पाणी थंड राहते.’ गुण दोन. बी.एड.च्या वर्षी घटक चाचणी काढताना मी हा प्रश्न संविधान तक्त्यात (पेपरातला कोणता प्रश्न काय तपासतो आणि त्याला किती गुण, हे आधी मांडायचा आराखडा) ‘आकलन’च्या रकान्यात टाकला होता. आमच्या बाईंनी त्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, “हे कारण तुम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं ना?” दिलं होतं. “मग मुलांनी आकलन कधी केलं?” एवढं म्हणून त्या पुढच्या वहीकडे वळल्या. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य हे चार रकाने मुळात आले कुठून, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. भारांशाची, म्हणजे प्रत्येक रकान्याला दिलेल्या टक्क्यांची, बेरीज शंभर झाली की आम्ही सुटलो.

हे रकाने म्हणजे बेंजामिन ब्लूम यांच्या वर्गीकरणाचा आपल्याकडचा अवतार, आणि ते आले परीक्षा घेणाऱ्यांकडून. शिकवणाऱ्यांकडून नव्हे, आणि मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांकडूनही नव्हे. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा बराच घोळ उलगडतो.

1948 साली बोस्टनमध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथे महाविद्यालयीन परीक्षांचं काम पाहणारी काही मंडळी एकत्र बसली. त्यांची अडचण अगदी कारकुनी होती: प्रत्येक विद्यापीठ दरवर्षी शेकडो प्रश्न नव्याने काढतं, ते एकमेकांना देता-घेता आले तर श्रम वाचतील. पण शिकागोचा ‘समजणे’ आणि दुसऱ्या गावचा ‘समजणे’ एकच आहे हे ठरवायचं कसं? त्यासाठी सगळ्यांना चालेल अशी नावांची चिठ्ठी हवी होती. प्राणी आणि वनस्पतींच्या वर्गीकरणाला जीवशास्त्रात जो शब्द आहे, ‘टॅक्सॉनॉमी’, तोच त्यांनी उचलला.

या मंडळींचे म्होरके बेंजामिन ब्लूम हे शिकागो विद्यापीठाचे परीक्षक. त्यांचे गुरू राल्फ टायलर. ‘शिकवून झाल्यावर विद्यार्थ्याच्या वागण्यात नेमकं काय बदललेलं दिसलं पाहिजे, ते आधी लिहा’ हा टायलर यांचा आग्रह होता. आपल्या पाठाच्या टाचणातलं ‘अपेक्षित वर्तनबदल’ हे शीर्षक त्याच आग्रहाचं पणतवंड. 1956 साली ब्लूम आणि चार सहसंपादकांचं पुस्तक निघालं, आणि ते टायलर यांनाच अर्पण केलेलं आहे. त्यात बोधात्मक क्षेत्राचे, म्हणजे बुद्धीच्या कामाचे, सहा वर्ग होते: ज्ञान, आकलन, उपयोजन, पृथक्करण, संश्लेषण, मूल्यमापन.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या मुलाला ‘चार हुतात्म्यांना फाशी कधी दिली?’ असं विचारलं, तर 12 जानेवारी 1931 ही तारीख आठवली की काम झालं. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ का पुकारला, हे स्वतःच्या शब्दांत सांगायला आकलन लागतं. आणि सरकारी कागद एक सांगतात, गावातल्या आठवणी दुसरंच, यातलं काय कितपत धरायचं ते कारणांसह लिही म्हटलं, की तो वरच्या टोकाला, मूल्यमापनाला, पोचला.

पण त्याच पुस्तकात एक सावधगिरीची सूचना आहे, आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तकात तीच सर्वांत कामाची. प्रश्न कोणत्या वर्गात बसतो हे नुसता प्रश्न वाचून ठरत नाही. विद्यार्थी आधी काय शिकला आहे ते माहीत असावं लागतं. आमच्या बाईंचा पेन्सिलीचा गोल म्हणजे हेच. ही सूचना वाटेत कुठेतरी गळाली आणि तिच्या जागी क्रियापदांच्या याद्या आल्या: ‘सांगा’ म्हणजे ज्ञान, ‘स्पष्ट करा’ म्हणजे आकलन, ‘फरक लिहा’ म्हणजे पृथक्करण. जणू क्रियापद बदललं की मुलाच्या डोक्यातली क्रियाही बदलते!

भारतात ब्लूम आले तेही परीक्षेच्याच दारातून. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने 1953 मध्ये पाठांतरावर चालणाऱ्या परीक्षांवर बोट ठेवलं होतं. 1957 मध्ये ब्लूम स्वतः इथे आले, मूल्यमापनाच्या कार्यशाळा घेतल्या. पुढच्या वर्षी परीक्षा सुधारणेसाठी केंद्रीय परीक्षा घटक उभा राहिला आणि 1961 मध्ये एनसीईआरटी ही शालेय शिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाल्यावर तो तिच्यात गेला. शाळांच्या वापरासाठी सहाचे चार झाले. वरचे तीन मजले उतरवले आणि आकृत्या, प्रयोग, हस्तकौशल्य यांसाठी ‘कौशल्य’ हा रकाना जोडला. सोय म्हणून ते ठीकच होतं. पण त्यामुळे आपल्या शिक्षकांच्या कितीतरी पिढ्यांना ब्लूम म्हणजे पेपर काढण्याआधी भरायचा तक्ता एवढाच माहीत झाला.

या कथेत एक भारतीय नाव ठळक आहे, आणि ते फारसं घेतलं जात नाही: आर. एच. दवे. हे शिकागोत ब्लूम यांचे विद्यार्थी. ब्लूम यांच्या गटाने भावात्मक क्षेत्राचं, म्हणजे आवडी, वृत्ती, मूल्यं यांचं, पुस्तक 1964 मध्ये काढलं, पण हाताच्या कामाचं, म्हणजे क्रियात्मक क्षेत्राचं, त्यांच्याकडून राहून गेलं. ती जागा पुढे इतरांनी भरली. त्यातली दवे यांची 1970 ची मांडणी मला सर्वांत सुटसुटीत वाटते: अनुकरण, हाताळणी, अचूकता, समन्वय, सहजता.

ती समजून घ्यायची तर पुस्तक मिटून सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये जावं. नवा पोरगा आधी शेजारच्या मामांचे हात बघून तशीच बोटं हलवतो. मग सांगितल्याबरहुकूम करतो, मग न चुकता. मामा मात्र चादरीच्या मागावर उभा धागा तुटला की खडखडाटात शेजाऱ्याशी तेलुगूत बोलता बोलता टोक पकडतात, फणीतून ओढतात, गाठ मारतात आणि माग सुरू करतात. गाठीकडे पाहतही नाहीत. पाचवी पायरी ती हीच. लेखी परीक्षेत तिला जागा नाही, हा दोष अर्थात दव्यांचा नव्हे.

याच दव्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1991 मध्ये प्राथमिक शाळांसाठी किमान अध्ययन क्षमता ठरवून दिल्या. मग महाराष्ट्रात ‘क्षमताधिष्ठित’ हा शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळला. 2017 पासून ‘अध्ययन निष्पत्ती’, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यावं त्याची यादी, आली. नावं बदलली, वंशावळ तीच.

तिकडे 2001 मध्ये लोरिन अँडरसन (तेही ब्लूम यांचेच विद्यार्थी) आणि मूळ पुस्तकाच्या संपादकांतले डेव्हिड क्रॅथवोल यांनी सुधारित आवृत्ती काढली. नामांची क्रियापदं झाली, संश्लेषणाच्या जागी ‘निर्मिती’ आली आणि ती मूल्यमापनाच्याही वर बसली. ज्ञानाचे प्रकार वेगळे काढून आडवा-उभा तक्ता केला. भिंतीवर लावतात तो रंगीत पिरॅमिड मात्र ब्लूम यांच्या मूळ पुस्तकात नाही.

2014 मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणारा करार) पूर्ण सदस्य झाला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत निष्पत्तीआधारित शिक्षणाचं वारं शिरलं. आता बऱ्याच ठिकाणी प्रश्नासमोर गुणांच्या शेजारी ब्लूमची पातळी छापतात. भाच्याचा पेपर पाहिला. चौथ्या पातळीचा, म्हणजे पृथक्करणाचा, म्हणून छापलेला प्रश्न नोट्समध्ये उत्तरासकट होता.

गेल्या वर्षी मी माठाचा प्रश्न जरा हलवला: ‘हाच माठ मे महिन्यात रत्नागिरीला नेला, तर पाणी सोलापूरइतकंच गार होईल का? कारण लिहा.’ बहुतेकांनी पाठ असलेलं कारण जसंच्या तसं उतरवलं. एका मुलीने लिहिलं, “नाही होणार. मावशीकडे तिकडं घाम पण वाळत नाही, मग माठ कसा वाळेल?” स्टाफरूममध्ये तिला दोनपैकी किती द्यायचे यावर चहा निवेपर्यंत वाद झाला, कारण नमुना उत्तरात ‘बाष्पीभवन’ या शब्दाला एक गुण राखलेला होता. तो मीच राखला होता.