गाडी पाहणारा सिग्नल आणि गर्दी मोजणारा सिग्नल

वाहतूक व्यवस्थापनाची कार्यशाळा कुठलीही असो, पहिल्या दिवशीच्या ओळख-सत्रात कुणीतरी उठून सांगतंच, "आमच्याकडे आता ॲडॅप्टिव्ह सिग्नल आहेत. गाडी आली की हिरवा मिळतो." गाडी आली की हिरवा देणारा सिग्नल ॲक्च्युएटेड असतो. ॲडॅप्टिव्हचं काम वेगळं आहे. तरीही सादरीकरणांत, निविदांत, बैठकांच्या इतिवृत्तांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात आणि कुणी दुरुस्त करत नाही. मला हे सोडून देता येत नाही. निविदेत एक शब्द लिहायचा आणि चौकात दुसरीच वस्तू ताब्यात घ्यायची, याची किंमत पुढची दहा वर्षं त्या रस्त्यावरून जाणारे लोक मोजतात.

ॲक्च्युएटेड सिग्नल बहुतेकांना नीट माहीत असतो, म्हणून भराभर सांगतो. प्रत्येक फेजला, म्हणजे एका दिशेच्या हिरव्याच्या पाळीला, तीन आकडे दिलेले असतात: किमान हिरवा, एक्स्टेन्शन आणि कमाल हिरवा. किमान हिरवा संपला की कंट्रोलर, म्हणजे सिग्नल चालवणारी पेटी, गाडीची चाहूल टिपणाऱ्या डिटेक्टरकडे बघतो. गाडी आली की हिरवा दोन-तीन सेकंदांनी वाढवतो, पुन्हा आली की पुन्हा वाढवतो. एक्स्टेन्शनच्या वेळेत एकही गाडी आली नाही तर फेज संपवतो. याला गॅप-आऊट म्हणतात. गाड्या येतच राहिल्या तर कमाल हिरव्याला पोचून थांबतो, ते मॅक्स-आऊट. ही कल्पना शंभरीकडे आली आहे. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये चार्ल्स ॲडलर यांनी बसवलेला सिग्नल हॉर्न ऐकून बदलायचा. खांबावरच्या मायक्रोफोनपाशी थांबून चालकाने हॉर्न वाजवायचा की त्याची नोंद व्हायची. आता हॉर्नच्या जागी डांबरात पुरलेली तारेची लूप असते, कॅमेरा असतो किंवा रडार असतं. मूळ प्रश्न मात्र तोच आहे: आत्ता इथे गाडी आहे का?

ॲडॅप्टिव्ह सिग्नल हा प्रश्न विचारत नाही. किती गाड्या येताहेत, मागच्या हिरव्याचा किती भाग खरोखर वापरला गेला, पुढच्या चौकात हा जथा केव्हा पोचेल, असं तो विचारतो आणि त्या उत्तरांवरून आकडेच बदलतो. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात तयार झालेल्या आणि ग्लासगोत तपासल्या गेलेल्या स्कूट प्रणालीच्या नावातच हे आहे. स्प्लिट, सायकल आणि ऑफसेट या तीन शब्दांची आद्याक्षरं त्यात आहेत. स्प्लिट म्हणजे एका सायकलमधला हिरवा कोणाला किती, सायकल म्हणजे सगळ्या फेजचा एक फेरा किती सेकंदांचा, आणि ऑफसेट म्हणजे या चौकाचा हिरवा शेजारच्या चौकाच्या किती सेकंद मागे सुरू व्हायचा. स्कूट फेज बदलायच्या काही सेकंद आधी स्प्लिटला जास्तीत जास्त चार सेकंदांनी पुढेमागे सरकवतं, ऑफसेटकडे प्रत्येक सायकलला एकदा बघतं आणि सायकलची लांबी काही मिनिटांच्या अंतराने तपासतं. त्याच दशकात सिडनीत स्कॅट्स तयार झालं. त्याची रीत निराळी, काम तेच.

इथवर सगळे माना डोलावतात. घोळ पुढे आहे, म्हणून तिथे मी वेळ घालवतो.

प्रशिक्षणात मी एक कागदी सराव देतो. एका लेनचा रस्ता, कमाल हिरवा ३० सेकंद, एक्स्टेन्शन ३ सेकंद. लाल पडला असताना रांगेत २२ गाड्या जमल्या आहेत. हिरवा झाल्यावर रांगेतल्या गाड्या साधारण दोन सेकंदांना एक या वेगाने सुटतात. आता एका सेकंदाला एक चौकट असा पट्टा आखा आणि गाडी डिटेक्टरवरून गेली की टिंब द्या. पट्टा भरत जातो तसं खोलीत शांतता होते, कारण प्रत्येकाला तेच दिसू लागतं. टिंबांमधलं अंतर दोन सेकंदांचं आणि एक्स्टेन्शन तीन सेकंदांचं. गॅप कधी सापडतच नाही. तिसाव्या सेकंदाला फेज तोडली जाते, जेमतेम १५ गाड्या गेलेल्या असतात आणि सात मागे राहतात. पुढच्या लालमध्ये त्यांच्यामागे नव्या जमतात. दुसऱ्या फेरीत पट्टा अगदी तसाच. तिसऱ्यातही तसाच.

मग मी आडव्या रस्त्यालाही तितकीच गर्दी द्यायला सांगतो. तिकडचा हिरवाही कमाल आकड्यावर जाऊन तुटतो. म्हणजे गर्दीच्या तासात ॲक्च्युएटेड सिग्नल हळूहळू फिक्स्ड टाइम, म्हणजे ठरलेल्या सेकंदांवर चालणारा, सिग्नल होऊन बसतो. डिटेक्टर चालू असतात, लूप प्रत्येक गाडी टिपत असते, कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिरवे चौकोन उमटत असतात, पण निर्णय कुणीतरी काही महिन्यांपूर्वी टेबलावर बसून ठरवलेला कमाल हिरव्याचा आकडा घेत असतो. त्या दिवशीच्या मोजणीवर तो आकडा योग्यही असेल. त्यानंतर शेजारी शाळा सुरू झाली किंवा पलीकडचा पूल दुरुस्तीला गेला, तर आकड्याला त्याचा पत्ता नसतो.

ॲडॅप्टिव्ह प्रणाली नेमकी या जागी वेगळी वागते. तिच्या लेखी सलग तीन फेऱ्यांत हिरव्याचा एकही सेकंद रिकामा न जाणं ही बातमी असते. स्कॅट्स याला सॅच्युरेशनची पातळी म्हणून मोजतं: मिळालेल्या हिरव्यापैकी किती भाग गाड्यांनी भरून वापरला. एका दिशेची पातळी वर आणि दुसरीची खाली असेल तर ते हिरव्याचा वाटा सरकवतं. दोन्हींची वर असेल तर सायकल लांबवतं. ॲक्च्युएटेड सिग्नल दिलेल्या मर्यादांच्या आत निर्णय घेतो, ॲडॅप्टिव्ह त्या मर्यादाच बदलतो. एवढं एकदा हाताने आखून कळलं की माणूस पुन्हा हे शब्द मिसळत नाही, हा माझा अनुभव आहे. नुसती स्लाइड दाखवून ते कळत नाही, म्हणून तासभर लागला तरी तो कागद मी सोडत नाही.

यातला एक बारकावा फार कमी ठिकाणी शिकवला जातो. तीन लेनच्या रस्त्यावर तिन्ही लेनच्या लूप एकाच चॅनलवर, म्हणजे कंट्रोलरकडे जाणाऱ्या एकाच जोडणीवर, असतील तर गॅप-आऊट व्हायला तिन्ही लेन एकाच वेळी तीन सेकंद रिकाम्या लागतात. मध्यम रहदारीतही ते क्वचित घडतं. मग चौक भरलेला नसूनही मॅक्स-आऊट होत राहतो आणि आडव्या रस्त्यावरचे लोक रिकामा रस्ता बघत बसतात. त्यावर "ॲडॅप्टिव्ह बसवा" असा प्रस्ताव येतो. उपाय आहे लेनगणिक वेगळ्या चॅनलचा आणि प्रत्येक लेनची गॅप वेगळी बघण्याचा. त्या मानाने छोटं काम.

खरा गोंधळ मात्र मधल्या प्रकारामुळे माजतो, त्याचं नाव कोऑर्डिनेटेड-ॲक्च्युएटेड. एका रस्त्यावरच्या चार-सहा चौकांना एकच सायकल आणि ठरलेले ऑफसेट दिलेले असतात. आडव्या रस्त्यांना गाडी असेल तेवढाच हिरवा मिळतो आणि त्यांनी न वापरलेले सेकंद मुख्य रस्त्याला जातात. बघणाऱ्याला वाटतं, हिरवा दर वेळी वेगळा आहे, चौक एकमेकांशी जुळलेले आहेत, हे ॲडॅप्टिव्हच असणार. पण सायकल वेळापत्रकातून आलेली असते, ऑफसेटही वेळापत्रकातूनच. सकाळची योजना, दुपारची योजना, संध्याकाळची योजना. रहदारी वेळेआधी वाढली तर योजना घड्याळाची वाट बघते. एका पुरवठादाराच्या सादरीकरणात हीच व्यवस्था ॲडॅप्टिव्ह या नावाने दाखवली गेली तेव्हा मी उठून विचारलं होतं, "आज संध्याकाळी सायकल कितीची होती आणि ती कोणी ठरवली?" उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं ते योजनेच्या क्रमांकाच्या रूपात. व्यवस्था वाईट नव्हती. उलट नीट निगा राखलेला कोऑर्डिनेटेड-ॲक्च्युएटेड रस्ता मला निगा नसलेल्या ॲडॅप्टिव्हपेक्षा कधीही चालेल. नाव मात्र खोटं होतं, आणि त्या नावाचे पैसे लागणार होते.

आणखी एक पायरी आहे, तिचा ओझरता उल्लेख पुरे: मोजलेल्या रहदारीवरून कपाटातल्या तयार योजनांपैकी एक निवडणं. काही जण यालाही ॲडॅप्टिव्ह म्हणतात. स्कॅट्सही स्प्लिट आणि ऑफसेटसाठी बरंचसं तयार पर्यायांतूनच निवडतं, त्यामुळे रेष इथे थोडी पुसट आहे. या वादात मी पडत नाही. मोजमापावरून काही मिनिटांत निर्णय बदलत असेल तर मला तो शब्द मान्य आहे.

ओळखण्याच्या ज्या खुणा लोक सांगतात त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत. कॅमेरा आहे म्हणून सिग्नल ॲडॅप्टिव्ह होत नाही. कॅमेरा हा डोळा आहे, लूपच्या जागी आलेला. त्यात गाडी ओळखणारं कितीही हुशार सॉफ्टवेअर असो, त्याने फक्त "गाडी आहे" एवढंच कंट्रोलरला कळवलं तर तो हॉर्न ऐकणाऱ्या मायक्रोफोनचंच काम करतोय. चौकातून नियंत्रण कक्षापर्यंत केबल गेली म्हणूनही होत नाही. त्या केबलवरून नुसती बिघाडाची सूचनाही जात असेल. डिटेक्टर कुठे पुरलाय यावरून ठरवणारेही भेटतात. स्कूटचे डिटेक्टर थांबरेषेपासून खूप मागे, बहुधा आधीचा चौक ओलांडल्यावर लगेच असतात, कारण त्याला येणारा जथा आधी दिसायला हवा. पण स्कॅट्सचे डिटेक्टर थांबरेषेपाशीच असतात. म्हणजे ही खूणही बाद.

ॲडॅप्टिव्हकडून लोक जे मागतात त्यातलं काही कोणताच सिग्नल देऊ शकत नाही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये मांडलेलं सायकलचं सूत्र प्रत्येक अभ्यासक्रमात असतं. एका फेऱ्यात वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट, अधिक पाच, भागिले एक वजा चौकावरचा एकूण भार. वाया जाणारा वेळ दहा सेकंद धरा. भार ०.७ असेल तर उत्तर साधारण ६७ सेकंद येतं. भार ०.९ झाला की २०० सेकंद. भार एकाजवळ गेला की उत्तर हाताबाहेर. ज्या चौकावर सर्व दिशांनी मिळून क्षमतेपेक्षा जास्त गाड्या येतात तिथे हिरव्याचं वाटप कितीही चतुराईने केलं तरी रांग वाढणारच. ॲडॅप्टिव्हचा खरा फायदा मिळतो तो रहदारी दिवसागणिक, तासागणिक बदलते पण क्षमतेच्या आत राहते अशा रस्त्यांवर. सामना सुटल्यावर, पावसात, अपघाताने एक रस्ता बंद झाल्यावर. एकटा, आडबाजूचा चौक असेल तर ॲक्च्युएटेडच घ्यावा, असं मी ठामपणे सांगतो. तिथे जुळवायला शेजारी चौकच नसतो, आणि मध्यरात्री एकट्या गाडीला काही सेकंदांत हिरवा देण्यात ॲक्च्युएटेडचा हात कुणी धरू शकत नाही.

दोन्ही प्रकारांचं प्रशिक्षण एकाच दिवसात, त्याच माणसांना उरकण्याची पद्धत मला खटकते. ॲक्च्युएटेडला कंट्रोलरचा तंत्रज्ञ हवा. त्याला लूपचा बिघाड ओळखता यायला हवा, एक्स्टेन्शन का वाढवलं हे लिहून ठेवता यायला हवं. बिघडलेला डिटेक्टर कायम "गाडी आहे" असं कळवत राहिला की रिकाम्या दिशेला प्रत्येक फेरीत कमाल हिरवा मिळतो, हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलेलं असावं. ॲडॅप्टिव्हला वेगळा माणूस लागतो. स्कूट बसवल्यावर जुळणी करायची असते: एक जण थांबरेषेपाशी उभा राहून रांगेतली शेवटची गाडी रेष ओलांडते तो क्षण फोनवर सांगतो, दुसरा पडद्यावर बघतो की मॉडेलमधली, म्हणजे स्कूटने हिशेबाने मांडलेली, रांगही त्याच वेळी संपली का. नसेल तर त्या रस्त्याचा सुटण्याचा वेग किंवा प्रवासाचा वेळ सुधारायचा आणि पुन्हा मोजायचं. एका रस्त्याला असे कितीतरी फेरे लागतात. पुरवठादाराच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात हे मला अजून मनासारखं शिकवलेलं दिसलेलं नाही, आणि जुळणी न झालेली ॲडॅप्टिव्ह प्रणाली चुकीच्या रांगेवर अगदी काटेकोर हिशेब करत राहते.

पुढच्या बैठकीत कुणी प्रात्यक्षिक द्यायला आलं तर चित्रफीत बघू नका. गर्दीच्या दोन तासांची नोंद मागा: प्रत्येक फेरीतली सायकलची लांबी, प्रत्येक फेजचा हिरवा, आणि तो गॅप-आऊटने संपला की मॅक्स-आऊटने. हिरवा फेरीगणिक एकाच आकड्यावर तुटत असेल आणि सायकल दोन तास जराही हलली नसेल, तर समोर काय ठेवलंय ते तुम्हाला कागदावरच दिसेल.