आवाजाच्या कळा आणि शॉर्टकटची भांडणं : पार्श्वभूमी

आवाज कमी करायला कंट्रोल+ऑल्ट+खालचा बाण दाबला आणि स्क्रीनवरचं सगळं उलटं झालं, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत घडलेलं आहे. यात संगणक बिघडलेला नसतो. इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्यांनी कंट्रोल+ऑल्टसोबतचे चारही बाण स्क्रीन फिरवण्यासाठी आधीच घेऊन ठेवले होते. नंतर आलेल्या आवाजाच्या प्रोग्रॅमला तेच बाण सोयीचे वाटले आणि एका जोडीवर दोघांनी हक्क सांगितला.

मुळात आवाज हे कीबोर्डचं काम नव्हतंच. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या ८३ कळांमध्ये एफ१ ते एफ१० होत्या, आवाजासाठी एकही नव्हती. आतला स्पीकर फक्त बीप करायचा. १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर कार्ड आलं, त्याच्या मागच्या बाजूला आवाजाची चकती होती. पुढे सीडी ड्राइव्हच्या तोंडाशी हेडफोनची खाच आणि छोटी चकती आली. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेल्या स्पीकरलाही बटण असायचंच. हात तिकडे जायचा आणि कीबोर्डवर कुणाशी टक्कर व्हायची नाही.

तोवर इकडे कीबोर्डवरच्या जागा भरत होत्या. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या नियमावलीतून एफ१ म्हणजे मदत, ऑल्ट+एफ४ म्हणजे खिडकी बंद, ही वहिवाट पडली.

यूएसबी आल्यावर आवाजाला पहिल्यांदा स्वतःची ओळख मिळाली. यूएसबीच्या मानकात आवाज वाढवणं, कमी करणं आणि बंद करणं यांना वेगळे संकेत आहेत, आणि विंडोज २००० पासून विंडोजमध्येही त्यांच्या तीन स्वतंत्र कळा धरल्या गेल्या. अशी खरी कळ ना अक्षर उमटवते, ना कुठला मेनू उघडते, त्यामुळे तिचं सहसा कुणाशी भांडण होत नाही. माझ्या मते हा प्रश्न तिथेच सुटला होता. लॅपटॉपवर मात्र जादा कळांना जागा नव्हती, म्हणून त्या एफ-रांगेवर बसवल्या आणि एका कळीची दोन कामं वेगळी करणारी एफएन कळ मध्ये आली. मॅकवर २००३ मध्ये उघड्या खिडक्या एकत्र दाखवणाऱ्या एक्स्पोझेने एफ९ ते एफ११ आणि २००५ मध्ये छोटी उपकरणं दाखवणाऱ्या डॅशबोर्डने एफ१२ घेतली होती. २००७ च्या अ‍ॅल्युमिनियम कीबोर्डवर आवाज एफ१० ते एफ१२ वर आला. हिंजवडीत व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅममध्ये कोड डीबग करणाऱ्याला, म्हणजे चुका शोधत तो ओळीओळीने चालवणाऱ्याला, एफ१० आणि एफ११ दिवसभर लागतात. त्याच कळांवर आवाज असेल तर कोडची ओळ पुढे सरकत नाही, नुसता आवाज वरखाली होतो. बहुतेक लॅपटॉपवर एफएन कळ विंडोजपर्यंत पोचतच नाही, ती फर्मवेअरमध्येच, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या कायमच्या प्रोग्रॅममध्येच, हाताळली जाते. म्हणून एफ-कळांनी आवाजाऐवजी मूळचं काम करावं हा बदल विंडोजच्या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये शोधून सापडत नाही. तो बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) किंवा एफएन लॉकने करावा लागतो.

आपल्यासाठी कळीचा मुद्दा कंट्रोल+ऑल्टचा आहे. विंडोजमध्ये ही जोडी आणि उजवीकडची ऑल्ट-जीआर कळ एकच मानली जाते, आणि ऑल्ट-जीआर ही लिहिण्याची कळ आहे. जुलै २०१० मध्ये रुपयाचं चिन्ह स्वीकारलं गेलं आणि विंडोजच्या भारतीय इंग्रजी मांडणीत ते ऑल्ट-जीआर+४ वर आलं. भारतीय लिप्यांसाठीची इनस्क्रिप्ट ही कीबोर्ड मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आहे. तिच्या विस्तारित रूपात जादा अक्षरं ऑल्ट-जीआरवरच आहेत, आणि त्या कामात १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. आता समजा, अप्पा बळवंत चौकाजवळच्या एखाद्या डीटीपीवाल्याने गाण्यांच्या प्रोग्रॅमला कंट्रोल+ऑल्ट+४ देऊन टाकलं. पुस्तकाच्या मलपृष्ठावर किंमत टाकताना ₹ उमटणारच नाही, आवाज मात्र बदलेल. तो बिचारा फॉन्टमध्ये दोष शोधत बसेल. भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांची ही जोडी कुठल्याही प्रोग्रॅमने परस्पर घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

विंडोजमध्ये असा सर्वत्र चालणारा शॉर्टकट जो प्रोग्रॅम आधी नोंदवेल त्याला मिळतो. दुसऱ्याला नकार कळवला जातो, पण बरेच प्रोग्रॅम तो वापरणाऱ्याला सांगतच नाहीत. त्यातून रोज कोण आधी सुरू होतं त्यावर निकाल बदलतो. काल चाललेला शॉर्टकट आज चालत नाही तो यामुळेच. घड्याळाजवळ बसलेले प्रोग्रॅम एकेक बंद करून पाहिले की घेणारा सापडतो. मग त्याच्या सेटिंग्जमधून ती जोडी काढायची आणि कीबोर्डवर आवाजाच्या खऱ्या कळा असतील तर त्याच वापरायच्या. नसतील तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत जोडप्रोग्रॅममध्ये पॉज किंवा स्क्रोल लॉकसारखी पडून असलेली कळ आवाजाला देता येते. स्क्रोल लॉक एक्सेलमध्ये लागते, तेवढं बघून घ्यावं. नुसती एफ१२ मात्र शॉर्टकट म्हणून नोंदवू नये, विंडोजने ती डीबगरसाठी, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, राखून ठेवली आहे.