फॅटी लिव्हरच्या रुग्णाचा स्वभाव आणि मन

फॅटी लिव्हरचे निदान पुष्कळदा ध्यानीमनी नसताना होते. पोटाची सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी केलेली असते आणि अहवालातल्या एका ओळीत यकृतात चरबी साठल्याची नोंद सापडते. वेदना जाणवणारे मज्जातंतू यकृताच्या बाहेरच्या आवरणात असतात, आत नसतात. त्यामुळे ५ टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये चरबी साठली, म्हणजे आजार व्याख्येत बसला, तरी सहसा काही दुखत नाही. जगातील प्रौढांपैकी किमान एक चतुर्थांश लोकांना हा विकार असावा, असा अंदाज आहे.

उपचार मात्र रोजच्या जगण्यातच करायचा असतो. वजन ५ टक्क्यांनी घटले की यकृतातली चरबी कमी होऊ लागते, ७ ते १० टक्क्यांनी घटले तर दाह ओसरतो आणि त्याहून अधिक घटल्यास यकृतावर पडलेले व्रणही अनेकांमध्ये मागे हटतात. २०२४ मध्ये अमेरिकेत या विकाराच्या पुढच्या अवस्थेसाठी रेस्मेटिरॉम या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, पण तीही आहार आणि व्यायाम यांच्या जोडीनेच. न दुखणाऱ्या आजारासाठी वर्षानुवर्षे खाण्यावर ताबा ठेवायचा, नियमाने चालायचे, तपासण्या चुकवायच्या नाहीत, हे सगळे प्रत्येकाला सारखेच कसे जमेल? स्वभावाचा संबंध येतो तो येथे.

व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात ज्या पाच मुख्य गुणांचा विचार होतो, त्यांपैकी दोन येथे विशेष महत्त्वाचे आहेत. काटेकोरपणा अंगी असलेली माणसे आहार-व्यायामाच्या सवयी तुलनेने चांगल्या टिकवतात, असे अनेक अभ्यासांत दिसते. याउलट ज्यांना काळजी, चिडचिड आणि उदासी लवकर घेरते, त्यांना ताण हलका करण्यासाठी खाण्याकडे वळण्याचा मोह अधिक होतो. नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ योहान डेनोलेट यांनी हृदयरोग्यांच्या अभ्यासातून ‘टाइप डी’ ही संकल्पना मांडली: नकारात्मक भावना वारंवार येणे आणि त्या इतरांसमोर बोलून न दाखवणे, या दोन प्रवृत्ती एकत्र असणे. त्यांची १४ विधानांची प्रश्नावली २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. यकृतरोगाच्या संदर्भातही ही संकल्पना उपयोगी वाटते, कारण असा रुग्ण डॉक्टरांसमोर मान डोलावतो, पण पथ्य जमत नाही हे सांगत नाही. आणि पुढच्या भेटीत वजनाचा आकडा तोच दिसला की त्याच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का बसतो.

तरीही स्वभावामुळे फॅटी लिव्हर होते, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. या रुग्णांमध्ये नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते हे खरे. पण लठ्ठपणा, मधुमेह आणि अपुरी झोप या गोष्टी दोन्हीकडे समान असल्याने कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे वेगळे करणे अवघड जाते. शरीरातले मार्गही दुहेरी आहेत. दीर्घकाळच्या ताणात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहिले तर पोटाभोवती चरबी साठण्यास आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावण्यास मदत होते. उलट दिशेने, शरीरातील सौम्य पण सततच्या दाहात तयार होणारी सायटोकाइन नावाची प्रथिने मेंदूपर्यंत संदेश पोचवून मरगळ आणि निरुत्साह वाढवू शकतात. त्यातच थकवा. तो यकृताच्या हानीच्या प्रमाणात असतोच असे नाही. चरबी बेताची असूनही रुग्ण दिवसभर पेंगुळलेला असू शकतो, आणि ‘अहवालात फारसे काही नाही’ हे उत्तर त्याला दिलासा देण्याऐवजी एकटे पाडते.

यकृतरोग्यांच्या जीवनमानासाठी १९९९ मध्ये तयार झालेल्या एका प्रश्नावलीत २९ प्रश्न आहेत. मागच्या दोन आठवड्यांत थकवा, चिडचिड, झोपेची अडचण किंवा आजार बळावण्याची धास्ती किती वेळा जाणवली, हे रुग्णाने १ ते ७ या श्रेणीत सांगायचे असते. तपासणीच्या वेळी यातले चार प्रश्न तोंडी विचारले तरी रक्ताच्या अहवालातून न कळणारे बरेच काही कळेल. ‘हे मला जमेल’ हा विश्वास, ज्याला अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये सिद्धांताचे रूप दिले, तो स्वभावाइतका घट्ट नसतो. छोटी, गाठता येणारी उद्दिष्टे ठरवून तो वाढवता येतो. माझ्या मते उपचाराची खरी पकड येथे आहे.

लाज हाही अडथळाच आहे. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी या विकाराचे ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज’ हे वैद्यकीय नाव बदलले, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी ६६ टक्के जणांना जुन्या नावातील ‘फॅटी’ हा शब्द, आणि ६१ टक्क्यांना मद्याचा उल्लेख, रुग्णाला कमीपणा आणणारा वाटत होता.

एका बाबतीत मात्र स्वभावातला बदल मानसशास्त्राकडे न सोपवता तातडीने डॉक्टरांना सांगायला हवा. आजार सिऱ्होसिसपर्यंत, म्हणजे व्रणांनी यकृत कडक होण्याच्या अवस्थेपर्यंत, गेल्यावर यकृताकडून अमोनियासारखी द्रव्ये पुरेशी निकामी होत नाहीत आणि ती मेंदूवर परिणाम करतात. झोपेचे चक्र उलटे होणे, लक्ष न लागणे, शांत माणूस अकारण चिडणे किंवा विसंगत वागणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे असतात. ती रुग्णाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतात, आणि वेळीच औषध मिळाले तर बहुतेकदा आटोक्यातही येतात.