खोल रिमची चाकं रोज वापरली तर तडकतात?

नागपूरच्या फुटाळा तलावावर पहाटे भेटणारे सायकलस्वार वर्षानुवर्षं सांगत आलेत, "५० मिलिमीटर खोलीची कार्बनची चाकं शर्यतीपुरतीच ठेवा, रोजच्या खड्ड्यांत तडकतील." हे खरं नाही. खोल रिम, म्हणजे टायर बसतो ती चाकाची कडा आसाच्या दिशेने जास्त उंच असलेली, उभ्या दिशेने उलट जास्त ताठ असते. खड्ड्यात ती फुटते ती बहुतेकदा टायरमध्ये हवा कमी असल्यामुळे. निघण्यापूर्वी पंपाचा काटा बघाच.

खरी काळजी ब्रेकची. रिम ब्रेक (रबरी पॅड थेट रिमवर दाबणारा) असेल तर कार्बनसाठीचेच पॅड लावा. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर वापरलेल्या पॅडमध्ये धातूचे बारीक कण रुतलेले असतात, ते कार्बन ओरबाडतात. लांब घाटात रिम तापते. सेमिनरी हिल्सचा उतार त्यामानाने छोटा. डिस्क ब्रेक रिमवर नाही, चाकाच्या मध्यावरच्या चकतीवर दाबतो, त्याला हा प्रश्नच नाही.

आणि वर्धा रोडवर ट्रक शेजारून गेला की त्याचा वारा खोल रिमवर बसून पुढचं चाक ढकललं जातं. तो झटका सांभाळायला हात रोजच्या सरावातच शिकतात.